सत्तात्याग, स्वातंत्र्यनेत्यांचा (आफ्रिका)

परकीय सत्तेविरुद्ध लढा उभारून लोकांना स्वातंत्र्याचे आश्वासन देणाऱ्या नेत्याने, राज्यसत्ता हाती आल्यावर, ती मुदतीनंतर किंवा लोकमत प्रतिकूल होताच शांततेने सोडून देणे, यास सत्तात्याग म्हणता येईल. राजाने वारसासाठी केलेल्या राज्यत्यागाहून ही कल्पना भिन्न आहे. राजा स्वतःच्या हक्काची वस्तू सोडतो, तर स्वातंत्र्यनेत्याजवळील सत्ता लोकांची ठेव असते. दुसऱ्या महायुद्धानंतर आफ्रिका खंडात स्वतंत्र झालेल्या राज्यांच्या इतिहासात या प्रश्नाच्या जवळजवळ सर्व बाजू आढळतात.

लढ्याचा नेता व राज्याचा प्रमुख : स्वातंत्र्यलढ्यास ऐक्य, शिस्त आणि नेत्यावरील निष्ठा यांची गरज असते. लोकशाहीस मतभेद, विरोधी पक्ष आणि नेत्याविषयीची चिकित्सक वृत्ती आवश्यक असते. पहिल्या अवस्थेतील गुण दुसऱ्या अवस्थेत दोष ठरतात. आपला पक्ष म्हणजेच राष्ट्र, ही लढ्यातील भूमिका पुढे कायम राहिली की, विरोधक हा प्रतिस्पर्धी न राहता राष्ट्रद्रोही ठरू लागतो. भारतीय संविधान सभेतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी, जॉन स्ट्यूअर्ट मिलचा आधार घेऊन, थोर पुरुषाच्या चरणीही स्वातंत्र्य अर्पण करू नये, असा इशारा दिला होता. राजकारणातील विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेते, हे त्यांचे निदान आफ्रिकेतील घटनांनाही लागू पडते.

घाना : क्वामे एन्क्रूमा यांनी १९५१ ची निवडणूक ब्रिटिशांच्या तुरुंगात असताना जिंकली आणि ६ मार्च १९५७ रोजी घाना स्वतंत्र झाला. पुढच्याच वर्षी संमत झालेल्या प्रतिबंधक स्थानबद्धता अधिनियमान्वये कोणासही चौकशीविना पाच वर्षांपर्यंत डांबून ठेवता येऊ लागले. १९६३ च्या अखेरीस राजद्रोहाच्या खटल्यातील काही आरोपींची सुटका झाल्यामुळे सरन्यायाधीशांना पदच्युत करण्यात आले. १९६४ मध्ये ९९ टक्क्यांहून अधिक मतांचा निर्वाळा दाखविणाऱ्या सार्वमतानंतर घाना एकपक्षीय राज्य बनले. ब्रिटिशांनी १९४८ मध्ये एन्क्रूमांसमवेत अटक केलेल्या सहा नेत्यांपैकी जे. बी. डान्क्वा यांचा १९६५ मध्ये स्वतंत्र घानाच्या तुरुंगात स्थानबद्धतेतच मृत्यू झाला. सत्तांतराचे सनदशीर मार्ग बंद झाल्यावर लष्करी मार्ग तेवढा उरला. २४ फेब्रुवारी १९६६ रोजी एन्क्रूमा परदेश दौऱ्यावर असताना सैन्य व पोलीस यांनी त्यांची सत्ता उलथून टाकली. ते मायदेशी परतू शकले नाहीत. १९७२ मध्ये बूखारेस्ट येथे त्यांचे निधन झाले.

टांझानिया व सेनेगल : जूलिअस न्येरेरे यांनी १९६१ मध्ये स्वातंत्र्य मिळताच अवघ्या काही आठवड्यांत पक्षबांधणीसाठी पंतप्रधानपद सोडले, मात्र डिसेंबर १९६२ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या कारकीर्दीतही स्थानबद्धतेचा कायदा होता व १९६५ पासून एकपक्षीय पद्धती होती. तथापि एकाच पक्षाच्या दोन उमेदवारांतून लोकांना प्रतिनिधी निवडता येत असे. १९८५ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्षपद स्वेच्छेने सोडले. पक्षाचे अध्यक्षपद मात्र १९९० पर्यंत त्यांच्याकडेच होते. त्यांच्यानंतरचे पहिले तीन राष्ट्राध्यक्ष प्रत्येकी दोन मुदती पूर्ण करून १९९५, २००५ व २०१५ मध्ये पायउतार झाले. व्यक्ती बदलण्याची प्रथा रुजली, पण पक्ष बदलण्याची रुजली नाही. सेनेगलमध्ये लेओपोल सेदार सेंगोर यांनी १९७६ मध्ये मर्यादित बहुपक्षीय पद्धती आणली व १९८० च्या अखेरच्या दिवशी राजीनामा दिला. त्यांचे उत्तराधिकारी आब्दू दियूफ यांनी २००० मधील निवडणुकीतील पराभव मान्य केला. तेथे व्यक्तीपाठोपाठ पक्षही बदलू शकला.

झँबिया : केनेथ काउंडा यांनी १९६४ पासून २७ वर्षे राज्य केले. बालमित्र व लढ्यातील सहकारी सायमन काप्वेप्वे यांनी वेगळा पक्ष काढला, तेव्हा १९७२ मध्ये त्यावर बंदी घालून त्यांना स्थानबद्ध करण्यात आले आणि एकपक्षीय पद्धती स्वीकारण्यात आली. १९९० मध्ये मक्याच्या पिठाची भाववाढ होऊन दंगली उसळल्या. लोकक्षोभापुढे नमून काउंडांनी बहुपक्षीय निवडणुका मान्य केल्या. ऑक्टोबर १९९१ मध्ये त्यांचा दारुण पराभव झाला आणि त्यांनी सत्ता शांततेने सोपविली. हा त्याग स्वेच्छेचा नव्हता. पण सैन्य हाताशी असतानाही त्यांनी निकाल मानला, हे महत्त्वाचे. पुढे १९९६ मध्ये संविधानात दुरुस्ती करून त्यांची उमेदवारी रोखण्यात आली व १९९७ मध्ये त्यांना अटकही झाली. सत्ता सोडणाऱ्यास अशी वागणूक मिळाली, तर इतर सत्ताधीश त्यातून सत्तेला चिकटून राहण्याचाच धडा घेतात.

झिंबाब्वे व दक्षिण आफ्रिका : रॉबर्ट मुगाबे व नेल्सन मंडेला या दोघांनीही गोऱ्या अल्पसंख्याकांच्या राजवटीत दीर्घ तुरुंगवास भोगला; मुगाबे यांनी सु. दहा वर्षे, मंडेला यांनी २७ वर्षे. १९८० मध्ये सत्तेवर आलेल्या मुगाबे यांनी २००८ मधील पहिल्या फेरीत पिछाडीवर राहूनही सत्ता सोडली नाही; हिंसाचारामुळे प्रतिस्पर्ध्याने दुसऱ्या फेरीतून माघार घेतली. अखेर नोव्हेंबर २०१७ मध्ये लष्कराच्या हस्तक्षेपानंतर त्यांना राजीनामा द्यावा लागला. मंडेला १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. १९९६ च्या संविधानानुसार दोन मुदतींची मुभा असताना ते १९९९ मध्ये एकाच मुदतीनंतर निवृत्त झाले. यावरून, हालअपेष्टा सोसलेला नेता सत्तेविषयी निःस्पृह असतोच असे नाही, हे स्पष्ट होते.

कारणमीमांसा : सत्ता न सोडण्याचे मूळ केवळ वैयक्तिक लोभात नसते. वसाहतवादी शासनाने मागे ठेवलेले दडपशाहीचे कायदे व यंत्रणा नव्या राज्यकर्त्यांना आयत्याच मिळाल्या. उद्योगधंदे अल्प असल्याने शासन हेच नोकरी, कंत्राटे व संपत्ती यांचे प्रमुख साधन बनले. त्यामुळे नेत्याभोवतीच्या वर्गाचे हितसंबंध त्याच्या पदाशी बांधले गेले. पदच्युतीनंतर सूड उगवला जाईल, ही भीतीही असते. आपणावाचून राष्ट्र दुभंगेल, अशी कित्येकांची प्रामाणिक समजूत असते. आणि प्रामाणिक असल्यामुळेच ती अधिक घातक ठरते.

उपाय : राष्ट्राध्यक्षाच्या मुदतींवर मर्यादा, स्वतंत्र न्यायालये व निवडणूक यंत्रणा आणि निवृत्त राज्यकर्त्यास सुरक्षितता हे उपाय सामान्यतः सुचविले जातात. आफ्रिकी संघाने २००७ मध्ये स्वीकारलेल्या लोकशाहीविषयक सनदेत, लोकशाही सत्तांतरास बाध आणणारी संविधानदुरुस्ती निषिद्ध मानली आहे. परंतु लेखी मर्यादा पुरेशी नसते : युगांडात २००५ मध्ये मुदतींवरील आणि २०१७ मध्ये वयावरील मर्यादा काढून टाकण्यात आली. याउलट, झँबियात २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रेडरिक चिलूबा यांचा तिसऱ्या मुदतीचा प्रयत्न स्वपक्षीय व नागरिक यांच्या विरोधामुळे फसला. स्वेच्छेने सत्ता सोडणारे नेते दुर्मिळ असतात. म्हणून स्वातंत्र्याची खरी कसोटी नेत्याच्या औदार्यापेक्षा, त्याची इच्छा नसतानाही त्यास शांततेने पायउतार करण्याच्या लोकांच्या सामर्थ्यात आहे.