ब्लॉगस्पॉट बंद झाले तेव्हा

११ जुलै २००६. संध्याकाळच्या गर्दीत पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले आणि मुंबईचे फोन लागेनासे झाले. ‘मुंबईहेल्प’ या ब्लॉगवर परदेशातली माणसे नातेवाइकांचे नंबर टाकू लागली. कुणीतरी अनोळखी स्वयंसेवक फोन लावत राही आणि लागला की ‘सुखरूप आहेत’ असे तिथेच कळवी.

हा ब्लॉग ब्लॉगस्पॉटवर होता. १३ जुलैला दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना दीडेक डझन संकेतस्थळे बंद करायला सांगितले. यादीत ब्लॉगस्पॉटवरचे मोजकेच ब्लॉग होते. कंपन्यांनी अख्खे ब्लॉगस्पॉट अडवले. टाइपपॅड आणि जिओसिटीजही गेले. एकेक ब्लॉग वेगळा काढण्यापेक्षा सगळेच बंद करणे त्यांना सोपे होते. मदतीला धावलेला ब्लॉगही त्यात अडकला. २००३ साली मेघालयातल्या एका बंडखोर संघटनेच्या लहानशा याहू ग्रुपपायी देशभरातले सगळे याहू ग्रुप असेच बंद पडले होते. त्यातून कुणी काही शिकले नव्हते.

या वेळी मात्र ब्लॉगर एकत्र आले. एरवी एकमेकांवर तुटून पडणारे उजवे-डावे, क्रिकेटवर लिहिणारे, पाककृती लिहिणारे, सगळे. बंद यादीत ‘हिंदू युनिटी’ होते, तसे ‘दलितस्तान’ही होते. त्यामुळे प्रश्न कुणाच्या मताचा नव्हता, आदेशाचा होता. कोणत्या कंपनीकडे काय उघडते याची त्यांनी नोंद ठेवली, अधिकाऱ्यांना फोन केले. माहिती अधिकाराचा कायदा लागू होऊन वर्षही झाले नव्हते; त्याखाली अर्ज टाकले.

आणि वाट दाखवली पाकिस्तानने. तिथे त्याच वर्षी पैगंबरांच्या व्यंगचित्रांच्या वादात ब्लॉगस्पॉट बंद झाले होते, म्हणून तिथल्या तरुणांनी ‘पीकेब्लॉग्ज’ ही पळवाट काढली होती. पत्त्यात ब्लॉगस्पॉटऐवजी तिचे नाव घातले की बंद ब्लॉग उघडे. बॉम्बस्फोटांनंतर दोन्ही सरकारांत संशय धुमसत असताना भारतातले लोक आपलेच ब्लॉग पाकिस्तानी दारातून वाचत होते. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट.

आठवड्याभरात विभागाने यादीपुरतेच अडवा म्हणून कंपन्यांना बजावले आणि ब्लॉग उघडू लागले.

पण जिंकले ते तेवढेच. ‘आदेश कुणाचा, कारण काय’ हा ब्लॉगरांचा खरा प्रश्न होता. २००९ साली माहिती तंत्रज्ञान कायद्यात संकेतस्थळे अडवण्याचा अधिकार देणारे कलम ६९अ लागू झाले आणि त्याच्या नियम १६ने तक्रार, मागणी, कारवाई सारेच गोपनीय करून टाकले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५च्या श्रेया सिंघल निकालात आक्षेपार्ह संदेशांना शिक्षा देणारे कलम ६६अ रद्द झाले, ६९अ टिकले. कारणे लेखी नोंदवलीच पाहिजेत, म्हणजे कोर्टात आव्हान देता येईल, असे तोच निकाल सांगतो. न दाखवलेल्या आदेशाला आव्हान द्यायचे कसे? २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेट बंदीचे आदेश जाहीर करायला लावले. मग एखादे पान अडवण्याचा आदेश लपवायला सरकारपाशी कोणतेही सबळ कारण उरत नाही. नियम १६ रद्द झालाच पाहिजे.