उंबरठ्याच्या आत भाडेकरू

घर भाड्याने घेताना आपण नेमके काय घेतो? भिंती मालकाच्याच राहतात, छप्परही त्याचेच. आपण भाडे मोजतो ते ताब्यासाठी. ठरलेल्या मुदतीपुरते त्या दाराच्या आत कोणी यायचे आणि कोणी नाही, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे येतो. ही साधी गोष्ट मालक विसरतात आणि बऱ्याचदा भाडेकरूंनाही ती ठाऊक नसते.

आमच्या डहाणू-तलासरी भागात भाड्याने राहणारे पुष्कळ आहेत. आश्रमशाळांचे शिक्षक, दवाखान्यांतल्या परिचारिका, डहाणू रोडहून लोकलने जाणारे नोकरदार, तलासरीहून उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत जाणारे कामगार. बहुतेकांची खोली मालकाच्या घराला लागूनच असते. त्यामुळे मी ऐकतो त्या तक्रारीही ठरावीक असतात. मालक हाक न मारताच आत येतो. दुसरी किल्ली त्याच्याकडे असते आणि आपण कामावर गेलो की खोली उघडली जाते. रात्री दहाला फाटकाला कुलूप पडते. माहेरची माणसे आली तरी चौकशी होते. एकट्या राहणाऱ्या बाईला तर या दुसऱ्या किल्लीने झोप लागत नाही.

कायदा काय म्हणतो? मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा आहे. त्याचे कलम १०८ सांगते की भाडे देणाऱ्या आणि अटी पाळणाऱ्या भाडेकरूला मुदतीत विनाअडथळा राहता आले पाहिजे. तसे वचन मालकाने दिलेच आहे, असे कायदा धरून चालतो. त्याच कलमात मालकाचाही हक्क आहे. वाजवी वेळी येऊन तो जागेची स्थिती पाहू शकतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ सालचा. तो जिथे लागू आहे तिथे कलम २८ आणखी स्पष्ट बोलते : जागेची पाहणी वाजवी वेळी आणि आधी सूचना देऊनच करायची. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यालाही हे लागू आहे. म्हणजे मालकाने यावे, पण विचारून यावे. आग लागली, पाण्याचा नळ फुटला तर विचारत बसायला वेळ नसतो, हे कोणीही समजून घेईल. पण 'सहज डोकावलो' हे कारण त्यात बसत नाही.

घर दुसऱ्याच्या जागेवर असले की माणसाचे काय होते, हे या भागाने फार जवळून पाहिले आहे. इथल्या वारल्यांच्या झोपड्या सावकार-जमीनदारांच्या जमिनीवर होत्या. वेठीला बोलावणे आले की निघावे लागे. लग्नासाठी कर्ज घेतलेला लग्नगडी बायकोसह मालकाकडे राबे. जिथून कधीही हुसकावले जाऊ शकते, त्या घरातला माणूस 'नाही' कसे म्हणणार? मे १९४५ मध्ये झरी गावी हजारो वारली जमले आणि गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांचे प्राण गेले.

पुढे १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आला. त्यातल्या जमिनीविषयीच्या कलमांची चर्चा खूप होते, घराविषयीच्या कलमांची फारशी होत नाही. कलम १६ प्रमाणे, कुळाने किंवा त्याच्या वाडवडिलांनी स्वखर्चाने मालकाच्या जागेवर राहते घर बांधले असेल, तर त्याला त्या घरातून काढता येत नाही. ती जागा मालक विकू लागला तर कलम १७ ने पहिला हक्क कुळाला दिला. कलम १८ ने शेतमजूर आणि कारागिरांच्या घरांनाही संरक्षण दिले. जमीन मालकाची असली तरी घरातले माणूस त्याचे नाही, हे इथे कायद्याने मान्य केले.

आजच्या भाड्याच्या खोलीलाही हेच तत्त्व लागू पडते. भाडे थकले म्हणून मालकाला स्वतःच्या हाताने कुलूप ठोकता येत नाही. त्याने न्यायालयात किंवा सक्षम प्राधिकाऱ्याकडे जावे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ प्रमाणे पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सोयी विनाकारण तोडता येत नाहीत. कायदेशीर मार्ग सोडून बाहेर काढलेल्या माणसाला विशिष्ट अनुतोष कायदा १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो. या दाव्यात मालकी कोणाची, हा प्रश्न आड येत नाही. आधी ताबा कोणाचा होता, एवढेच पाहिले जाते. धमकावण्याच्या, अपमान करण्याच्या वा त्रास देण्याच्या हेतूने दुसऱ्याच्या ताब्यातल्या घरात शिरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली गुन्हा आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे.

हक्क टिकतो तो कागदाने. करार लेखी करून नोंदवून घ्या. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे. तोंडी व्यवहार असेल तर वाद झाल्यावर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. करारातच लिहा : पाहणीपूर्वी किती तास आधी कळवायचे, दुसरी किल्ली कोणाकडे राहील, फाटकाची किल्ली मिळेल की नाही. भाडे बँकेतून द्या, रोख दिले तर पावती मागा. मालक न सांगता आत आला तर पहिल्यांदा शांतपणे सांगा, दुसऱ्यांदा लेखी कळवा आणि प्रत जपून ठेवा. रागाने भाडे मात्र थांबवू नका, कारण त्याने आपलीच बाजू लंगडी होते. बाहेरून कुलूप लागले तर ते फोडू नका. पोलीस ठाण्यात तक्रार द्या आणि वकील गाठा. खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिलांना आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते.

घरमालकांनाही एक सांगणे. दारावर टकटक करून 'येऊ का?' विचारल्याने मालकी तसूभरही कमी होत नाही. उलट, जिथे विचारले जाते तिथे भाडेकरू घर आपले समजून झाडतो, सारवतो, जपतो.