तालमीतील थंडाई आणि डब्यातील भुकटी

कोल्हापुरातील एखाद्या तालमीत पहाटे गेलात, तर तांबड्या मातीत एकमेकांशी झोंबणारे मल्ल तुमच्या दृष्टीस पडतील. मेहनत संपली, की थंडाईची तयारी सुरू होते. भिजवलेले बदाम, खसखस, बडीशेप आणि मिरी कुंडीत बारीक घोटावयाची आणि दुधात कालवावयाची. हा मल्लांचा परंपरेने चालत आलेला खुराक होय.

अलीकडे व्यायामशाळांतून प्रथिनांच्या भुकटीचे डबेही दिसू लागले आहेत. डब्यावर पिळदार दंडाचे चित्र असते. ते पाहून, दंड भुकटीनेच कमावला, असे कोणासही वाटेल. मग खरा प्रकार काय आहे?

जोर-बैठका काढताना स्नायूंत साठविलेली शर्करा खर्च होते. या साठ्यास ग्लायकोजेन म्हणतात. शिवाय, सवयीबाहेर मेहनत झाली म्हणजे स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. दुसऱ्या दिवशी अंग ठणकते ते बव्हंशी यामुळेच. भाकरी, भात यांसारख्या अन्नाने शर्करेचा साठा पुन्हा भरतो. तो पुरता भरण्यास सुमारे एक दिवस लागतो. तंतूंची डागडुजी प्रथिने करतात. ती दूध, डाळी, अंडी व मांस यांतून मिळतात. डब्यातील भुकटी तरी कशाची असते? दुधापासून चीज केले म्हणजे जी निवळ उरते, तीतील प्रथिने सुकवून ती पुष्कळदा बनवितात. म्हणजे हा रुबाबदार पाहुणा आपल्या गोठ्यातलाच निघाला! गरजेहून अधिक प्रथिने घेतली, तरी शरीर ती स्नायू म्हणून साठवून ठेवीत नाही.

क्रिएटिनची गोष्ट थोडी निराळी आहे. 1832 साली शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हा पदार्थ मांसात शोधून काढला. आपले शरीरही तो तयार करते. काही क्षणच टिकणाऱ्या जोरकस हालचालींना तो तत्काळ शक्ती पुरवितो. म्हणून वजन उचलणाऱ्या प्रौढ खेळाडूला तो वरून घेतल्याने थोडा लाभ होतो. लांब पल्ला धावणाऱ्याला मात्र तसा लाभ होत नाही. उलट स्नायूंत पाणी साठून वजन वाढते. वाढत्या वयातील मुलांनी तो घेऊ नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात.

आणखी एक धोका आहे. काही डब्यांत, वेष्टनावर नाव नसलेली निषिद्ध द्रव्ये मिसळलेली आढळली आहेत. खेळांतील उत्तेजक द्रव्यांना आळा घालण्यासाठी 1999 साली जागतिक संस्था स्थापन झाली. तिच्या नियमांनुसार, खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्यास तोच जबाबदार असतो. ‘मला ठाऊक नव्हते’ असे सांगून स्पर्धेतील गमावलेले यश परत मिळत नाही. वर्षानुवर्षांची मेहनत एका चमचाभर भुकटीपायी वाया जावी, याहून मोठे दुर्दैव ते कोणते!

दुपारी तालमीत सामसूम असते. थंडाई पिऊन, जेवून मल्ल गाढ झोपी गेलेले असतात. सकाळी शिणलेल्या तंतूंच्या डागडुजीचे काम त्या वेळी आत मुकाट्याने चालू असते.