इंजिन बदलायचं की गाडी?

शिळफाट्याच्या अलीकडे गाडीने मान टाकली. बॉनेटमधून वाफ आणि मागच्या सीटवर आई, म्हणजे माझ्या सासूबाई. डोळ्यांच्या तपासणीसाठी त्यांना घेऊन मी डोंबिवलीहून ठाण्याला निघाले होते. तापमानाचा काटा वर चढलेला मी त्या आठवड्यात दोनदा पाहिला होता. ‘पोचू कशातरी’ म्हणून दुर्लक्ष केलं. ती चूक माझीच.

गाडी आमची २००६ची मारुती ८००. अण्णांनी, माझ्या सासऱ्यांनी, निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली. मी गाडी शिकले ती हिच्यावरच. आता अण्णा नाहीत. आईंना लोकलची गर्दी झेपत नाही. त्यामुळे ही गाडी आमच्याकडे हौस नाही, गरज आहे.

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी ऑईलची पट्टी काढून दाखवली. ऑईल दुधाच्या चहासारखं झालेलं! “ताई, हेड गॅस्केट गेलंय, पाणी ऑईलमध्ये उतरलंय. इंजिनचं काम निघालं.” त्यांनी दोन वाटा सांगितल्या. कुर्ल्याच्या बाजारातून जुनं इंजिन आणून बसवायचं, अठरा हजार. नाहीतर आपलंच इंजिन उतरवून बांधायचं, सत्तावीस हजार.

संध्याकाळी घरात परिषद भरली. भाऊजी म्हणाले, “वहिनी, स्वस्त आहे ते करा.” पुतण्या म्हणाला, “काकू, झेनचं हजार सीसीचं टाक, पळेल बघ गाडी!” शेजारच्या काकांचं मत, भंगारात द्या. गाडी चालवते मी, पेट्रोल भरते मी, पण मला काय हवंय ते कोणी विचारेना. मग वही-पेन घेऊन मीच हिशेब मांडला.

पहिलं लक्षात आलं, अठरा हजार हा आकडा अर्धवट आहे. इंजिन उतरवलं की क्लच प्लेट, टायमिंग बेल्ट, माउंटिंगची रबरं, गॅस्केट, ऑईल, कूलंट हे सगळं ओघाने येतं. मिस्त्रींना एकेक विचारून लिहीत गेले, तर बेरीज तिसाच्या पुढे गेली. शिवाय ते इंजिन किती चाललंय, याची हमी कोण देणार? ८००मध्येसुद्धा कार्ब्युरेटरचं इंजिन वेगळं आणि इंजेक्शनचं वेगळं. वायरिंग जुळलं नाही, तर पुन्हा खर्च.

पुतण्याच्या झेनचं काय? आपल्या डोंबिवलीजवळ ज्यांचा कारखाना होता, त्या प्रीमिअर कंपनीने १९८५ साली ‘११८ एनई’ ही गाडी आणली होती. अंग फियाटच्या जुन्या गाडीचं आणि इंजिन जपानच्या निस्सानचं. पण ते इंजिनीअरांनी चाचण्या घेऊन, सरकारी मंजुरी मिळवून केलेलं काम. गॅरेजमध्ये मोठं इंजिन बसवलं, तर ब्रेक, रेडिएटर, शाफ्ट हे सगळं आठशेचंच राहतं. वेग वाढणार, थांबायची ताकद तेवढीच!

आणि कागदांचं? आरसी बुकात इंजिन नंबर असतो, तोच विम्याच्या पॉलिसीवर. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे आरसीतला तपशील बदलेल असं काम आरटीओला विचारल्याशिवाय करता येत नाही. कंपनीने ठरवलेल्या रचनेत फेरफार चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये सांगितलं. परवानगीशिवाय केलं तर दर फेरफारामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मी मिस्त्रींना विचारलं, “कुर्ल्याच्या इंजिनाचं बिल मिळेल?” ते नुसतेच हसले. बिल नाही, म्हणजे ते इंजिन चोरीच्या गाडीचं नसेलच असं कशावरून? उद्या अपघात झाला आणि नंबर जुळला नाही, तर विमा कंपनी हात वर करणार.

मी आपलंच इंजिन बांधायचं ठरवलं. ब्लॉक तोच राहतो, म्हणून नंबरही तोच. लेथवर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन बसवले, हेड घासून सपाट केलं. कामाआधी कागदावर अंदाज लिहून घेतला, निम्मेच पैसे आगाऊ दिले आणि काढलेले जुने भाग परत मागितले. बारा दिवस लागले. अठ्ठावीस हजार चारशे झाले.

गाडी विकून कदाचित यापेक्षा फार मिळालेही नसते, हे मला कळतं. पंधरा वर्षांवरच्या गाडीच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२पासून सहाशेवरून पाच हजार झाली आणि वीस वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५पासून दहा हजार. म्हणून मनाशी सीमा आखली आहे. नूतनीकरणाच्या तपासणीत गाडी नापास झाली, तर पुन्हा पैसे ओतायचे नाहीत. सरकारमान्य भंगार केंद्रात द्यायची आणि प्रमाणपत्र घ्यायचं.

मैत्रिणींनो, तुमच्या दारात जुनी गाडी असेल, तर मिस्त्रीचा पहिला आकडा ऐकून हो म्हणू नका. बेरीज पूर्ण करा, बिल मागा, आरसी समोर ठेवा. आणि महिन्यातून एकदा, इंजिन थंड असताना, कूलंट बघा. पन्नास पैशांचंही काम नाही ते!

परवा आईंना घेऊन पुन्हा ठाण्याला गेले. शिळफाटा आला तशा त्या म्हणाल्या, “काटा बघ गं.” काटा मध्यावर होता. मी बघतच होते.