उपकारस्मरण आणि भुकेल्याचा वाटा

दुष्काळनिवारणाच्या कोणत्याही अहवालात जमा आणि खर्च अशा दोन बाजू असतात. काय मिळाले हे एकीकडे व ते कोणास पोहोचले हे दुसरीकडे, असे दोन्ही लिहिल्यावाचून हिशेब पुरा होत नाही. देवाच्या विश्वासूपणाचे कृतज्ञतेने स्मरण करणे हाही ख्रिस्ती मनुष्याच्या आयुष्यातील असाच एक हिशेब होय, असे आम्ही मानितो. पुष्कळ जण ह्या स्मरणास केवळ अंतःकरणातील एक गोड भावना समजतात. परंतु पवित्र शास्त्रात ह्या स्मरणास धोंडा, टोपली, भाकर आणि शेजारी ही सर्व लागतात. ती रीत कशी आहे, हे येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, मनुष्य उपकार विसरतो तो बहुधा पोट भरल्यावर. इस्राएल लोक चाळीस वर्षे अरण्यात फिरून वतनाच्या सीमेवर आले, तेव्हा मोशेने त्यांस पुढील उपासमारीविषयी नव्हे, तर पुढील सुबत्तेविषयी सावध केले. चांगली घरे बांधून झाली, गुरेढोरे वाढली, म्हणजे हे सर्व मी आपल्या बाहुबळाने मिळविले असे मन म्हणू लागेल, हा त्याच्या बोलण्याचा आशय अनुवादाच्या आठव्या अध्यायात आहे. ह्या विसरभोळेपणास उपाय म्हणून डोळ्यांस दिसतील अशा खुणा ठेविल्या गेल्या. एक ओमरभर मान्ना पात्रात घालून पुढील पिढ्यांसाठी जतन करण्यात आला. यार्देन नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून गिलगाल येथे उभे केले, ते मुलाबाळांनी त्यांचा अर्थ विचारावा म्हणूनच. मिस्पा व शेन ह्यांच्या दरम्यान शमुवेलाने धोंडा उभा करून त्यास एबन-एजर, म्हणजे साहाय्याचा धोंडा, असे नाव दिले. ह्याच नावाच्या ठिकाणी तळ दिला असता इस्राएलांचा पूर्वी पराभव झाला होता व कराराचा कोश शत्रूच्या हाती गेला होता. तो धोंडा देवाने येथवर साहाय्य केले एवढीच साक्ष देतो. पुढे संकट येणार नाही असे वचन तो देत नाही.

पण खूण ठेविली म्हणजे स्मरण पुरे झाले असे नाही. अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात प्रथमउपजाचा विधी सांगितला आहे. शेतकऱ्याने पहिल्या पिकाची टोपली घेऊन याजकापुढे यावे, आणि आपले पूर्वज भटके व निराधार होते, मिसरात दास होते, देवाने त्यांस सोडवून आणिले, हा वृत्तांत आपल्या तोंडाने सांगावा. मग त्या अन्नाचा आनंद लेवी व उपरी ह्यांच्या संगतीने भोगावा. आणि दर तिसऱ्या वर्षी उत्पन्नाचा दशमांश लेवी, उपरी, पोरके व विधवा ह्यांस पोटभर खाण्यास द्यावा. ज्याने जमा वाचून दाखविली त्याने खर्चाची बाजू कोरी ठेवू नये, असाच ह्या विधीचा अर्थ आहे. आपल्याकडील मंडळ्यांत सुगीच्या उपासनेस धान्य व भाजीपाला आणून अर्पण करितात, तिचे मूळही ह्यातच आहे.

प्रभुभोजनाची गोष्ट हीच. प्रभू येशूने धरून दिला जाण्याच्या रात्री भाकर घेऊन उपकारस्तुती केली व आपले स्मरण करण्यास शिष्यांस सांगितले. करिंथ येथील मंडळीत हे भोजन होत असे, तेव्हा एक जण भुकेला राही व दुसरा मस्त होई. पौलाने त्यांस स्पष्ट कळविले की, हे प्रभूचे भोजन नव्हे. शेजाऱ्याची भूक न पाहणारे स्मरण, मुखाने कितीही उपकार मानले तरी, स्मरण ठरत नाही.

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. दुष्काळात एक जगतो व त्याच्या बाजूचा मरतो. वाचलेल्याने देव विश्वासू आहे असे म्हटले, तर मेलेल्याविषयी काय म्हणावे? शास्त्र ह्या प्रश्नास बगल देत नाही. ख्रिस्तपूर्व ५८६ च्या सुमारास यरुशलेम पडले, त्या नाशाविषयी लिहिलेल्या विलापगीतात भाकर मागणारी व न मिळणारी बालके आहेत. आणि त्याच पुस्तकात देवाची दया रोज सकाळी नवी असते ही कबुलीही आहे. अश्रू पुसून टाकून उपकार मानावेत असे तेथे कोणी सांगत नाही. मी वाचलो तो अधिक योग्य होतो म्हणून, असे म्हणणे ही कृतज्ञता नव्हे, गर्व आहे. वाचलेल्यावर मेलेल्यांचे व भुकेल्यांचे ऋण आहे, असे मानणे हीच खरी कृतज्ञता.

ह्याचे उदाहरण महाराष्ट्रास ठाऊक आहे. पंडिता रमाबाई ह्यांचे आईबाप व वडील बहीण मद्रास इलाख्यातील ज्या दुष्काळात गेली, तो १८७६-७७ साली कळसास पोहोचला. रमाबाई वाचल्या. पुढे १८८३ साली त्यांनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा आपल्या तरुणपणाची ती भूक आठवून त्या तिकडे गेल्या, आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आपल्या आश्रयास घेऊन आल्या. त्यांतून पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ति सदन वाढले. आईबाप का गेले, ह्याचे उत्तर त्या प्रवासाने मिळाले नाही. परंतु स्मरणाने काय करावे, ह्याचे मिळाले.

म्हणून वाचकहो, आमची विनंती इतकीच आहे. प्रत्येक कुटुंबाने वर्षातून एक दिवस नेमावा. ज्या वर्षी पाऊस गेला व तरी चूल पेटली, ज्या आजारातून माणूस उठले, ज्या शेजाऱ्याने पायलीभर जोंधळे उसने दिले व परत मागितले नाहीत, ते सर्व मुलांस नावानिशी सांगावे. जी माणसे राहिली नाहीत त्यांचीही नावे घ्यावी. मग प्रार्थना करून उठण्यापूर्वी, आज गावात कोणाच्या घरी चूल पेटली नाही हे विचारावे, आणि त्याचा वाटा त्याच दिवशी पोहोचवावा. म्हणजे हिशेबाच्या दोन्ही बाजू लिहिल्या जातील.