शतांशाचा हिशेब

पौषातल्या पहाटे पाचच्या सुमारास पुण्यातल्या आमच्या तलावाच्या काठावर उभे राहिले म्हणजे पाण्यावरून वाफ निघताना दिसते, आणि त्या वाफेत उडी घेण्यापूर्वी खांद्यावर टॉवेल टाकलेली बारा-चौदा वर्षांची मुले क्षणभर जी थबकतात, त्या थबकण्याशी माझा जुना परिचय आहे. कारण दहा वर्षे मी स्वतः तसाच थबकत असे, आणि उजव्या खांद्याने कायमची रजा मागितल्यानंतर याच काठावर घड्याळ व नोंदवही घेऊन उभा राहू लागलो.

शंभर मीटरांची शर्यत मिनिटाच्या आगेमागे आटोपते. परंतु त्या मिनिटासाठी ही मुले दोन वेळच्या सरावात मिळून सहा-सात किलोमीटर पोहतात, तेही तोंड पाण्यात, कान पाण्यात, आणि दृष्टीसमोर तळावरची एक काळी रेघ, अशा एकांतात. शाळेत त्यांच्या डोळ्यांभोवतीचे गॉगलचे वळ आणि केसांचा क्लोरीनचा वास पाहून इतर मुले हसतात, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकले आहे, आणि दर वेळी मला वाईट वाटले आहे.

मात्र खरे कष्ट अंतराचे नव्हेत, पाण्यावरच्या पकडीचे आहेत. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट घन. शिवाय वेग वाढवावा तसा त्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातो, म्हणून नुसत्या बळाने त्याच्याशी झुंजणारा लौकरच थकतो. नवखा पोहणारा हात खाली दाबतो, त्यामुळे देह वर उचलला जातो, पुढे सरकत नाही. कोपर उंच ठेवून, पंजापासून कोपरापर्यंतचा सारा हात वल्ह्यासारखा उभा करून पाणी मागे लोटावयाचे, ही गोष्ट सांगून समजत नाही. म्हणून आमचे प्रशिक्षक सर मुलांना मुठी मिटून एक लॅप पोहावयास लावतात, आणि नंतर पंजा उघडला की त्या तळहाताला पाण्याचे वजन प्रथमच कळते. तो क्षण चेहऱ्यावर उमटलेला मी पाहिला आहे, आणि या विद्येतले पहिले पारितोषिक मी त्यालाच मानतो. परंतु ही पकड मोठी मानी: चार दिवसांची गैरहजेरी झाली, की पाणी अनोळखी होते.

आणि हे सारे कशासाठी, तर सेकंदाच्या शतांशासाठी. 1972 साली म्यूनिकच्या ऑलिंपिकमध्ये चारशे मीटर मिश्र शर्यतीत गुन्नार लार्सन याने टिम मकी याला दोन सहस्रांश सेकंदांनी मागे टाकले. पुढे नियम बदलून मोजदाद शतांशावरच थांबविण्यात आली, आणि ते उचितच झाले, कारण इतक्या सूक्ष्म फरकाला पुरे पडतील अशा तंतोतंत सारख्या लांबीच्या लेन कोणी बांधू शकत नाही. कोल्हापूरच्या वीरधवल खाडे याने 2010 मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत पन्नास मीटर बटरफ्लायमध्ये ब्राँझपदक मिळविले. 1986 च्या खजानसिंग यांच्या रौप्यपदकानंतर आशियाई स्पर्धेच्या जलतरणात भारताच्या वाट्याला आलेले ते पहिलेच पदक. तोच वीरधवल, तहसीलदारीच्या हुद्द्यावर असताना पुन्हा पाण्यात उतरून, 2018 मध्ये जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत पन्नास मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम शर्यतीत 22.47 सेकंदांत भिंतीला टेकला आणि एका शतांशाने पदकाला मुकला. सरकारी नोकरी सांभाळून साधलेल्या त्या चौथ्या क्रमांकाविषयी माझ्या मनात असलेला आदर पदकाविषयीच्या आदराहून तसूभरही कमी नाही.

आमच्याकडे एक मुलगी ब्रेस्टस्ट्रोक पोहते. वर्षभरात तिची उंची झपाट्याने वाढली, देहाचा तोल बदलला, आणि आठ महिने तिची वेळ जागची हलली नाही. लहानपणी हस्तगत झालेला स्ट्रोक नव्या हातापायांना पुन्हा पहिल्यापासून शिकवावा लागला. या काळात तिची हजेरी एकदाही चुकलेली नाही, याला माझे दप्तर साक्षी आहे. गेल्या रविवारी चाचणीत तिने दोन्ही हात भिंतीला टेकविले तेव्हा माझे घड्याळ पूर्वीपेक्षा सहा दशांश कमी दाखवीत होते. धापा टाकीत ती वर आली, वहीवर वाकली, आणि "काका, नीट बघितलंत ना?" असे विचारून तिने ओले बोट त्या आकड्यावर ठेवले. शाई फुटली, म्हणून तो आकडा मी खालच्या ओळीत पुन्हा लिहिला.