व्होल्टेज वाढले की कॉइल का जळते?

ई-सिगारेट आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने बंद झाली. तिचे उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात आणि साठाही गुन्हा ठरतो. विक्री वगैरेसाठी पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. तरीही चोरट्या मार्गाने ही वस्तू महाविद्यालयीन मुलांच्या हाती पडते. म्हणून तिच्या आत काय घडते ते विद्यार्थी मित्रांपुढे मांडणे आम्हांला अगत्याचे वाटते. त्यासाठी शाळेत शिकलेला ओहमचा नियम पुरेसा आहे.

होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ च्या सुमारास हे साधन घडविले. त्यातील ॲटोमायझर म्हणजे तारेचे बारीक वेटोळे आणि द्रव शोषून आणणारी वात. आपल्या स्टोव्हची वातच म्हणा ना! सुरुवातीच्या काळात बॅटरी ३.७ व्होल्टची आणि वेटोळ्याचा रोध साधारण २ ते ३ ओहम असे. वाफ कमी येते म्हणून २००९ च्या आसपास परदेशातील हौशी मंडळींनी तोच ॲटोमायझर ५ किंवा ६ व्होल्टवर चालविण्यास आरंभ केला.

आता हिशेब पाहू. शक्ती म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. रोध २.५ ओहम धरला तर ३.७ व्होल्टला सुमारे ५.५ वॅट, ५ व्होल्टला १० वॅट आणि ६ व्होल्टला १४.४ वॅट. व्होल्टेज ३५ टक्के वाढले, पण उष्णता जवळजवळ दुप्पट झाली! खरी मेख या वर्गात आहे. ४.५ ओहमचे वेटोळे ५ व्होल्टला लावले तर पुन्हा साडेपाच वॅटच मिळतात. तेव्हा नुसत्या व्होल्टच्या आकड्यावरून काहीच ठरत नाही.

वातीतून द्रव येण्याचा वेग मात्र तोच राहतो. द्रव असेपर्यंत तापमान त्याच्या उत्कलनबिंदूजवळ थांबते. प्रॉपिलीन ग्लायकॉलचा तो सुमारे १८८ अंश सेल्सिअस, ग्लिसरीनचा २९०. वात कोरडी पडली की तार लाल होते आणि द्रवाचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलिन यांसारखी घातक द्रव्ये तयार होतात. २०१५ साली अमेरिकेतील पोर्टलंड येथील संशोधकांना ३.३ व्होल्टला फॉर्माल्डिहाइडयुक्त संयुगे आढळली नाहीत, ५ व्होल्टला आढळली. इतका करपट झुरका माणूस ओढणारच नाही, असा आक्षेप काहींनी घेतला. आक्षेपात तथ्य आहे. पण करपट चव लागेपर्यंत काहीच अपाय होत नाही, असे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय निकोटीन आणि त्याचे व्यसन कमी व्होल्टेजलाही असतेच.

बॅटरीचा धोका वेगळा. दोन लिथियम सेल एकापुढे एक जोडले की पूर्ण चार्जला ८.४ व्होल्ट होतात, २.५ ओहमला २८ वॅट! साधे वेटोळे क्षणात तुटते. त्यातही एक सेल जुना व एक नवा असेल, तर जुना आधी रिकामा होतो, नवा त्यातून प्रवाह ढकलत राहतो, आणि संरक्षक सर्किट नसेल तर सेल तापून पेट घेऊ शकतो. नळकांड्याला वायू बाहेर पडण्यास छिद्र नसेल, तर ते तोंडाजवळच फुटते.